दुसरं विमान, पहिल्याच्या भल्यासाठी

ज्याच्याकडे एक छोटं विमान आहे आणि ज्याने नुकतंच दुसरं घेतलं आहे, अशा माणसाला ‘का घेतलंस?’ असं विचारू नये. ‘कुणासाठी घेतलंस?’ असं विचारावं. उत्तर ठरलेलं आहे. पहिल्यासाठी. पहिल्याला जरा विसावा मिळावा म्हणून. पहिल्याच्या इंजिनाचे तास वाचावेत म्हणून. पहिलं आता म्हातारं झालंय, त्याला दगदग नको म्हणून. निव्वळ हौस म्हणून दुसरं विमान घेतलं, असं कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या विमानतळावर दोन-दोन विमानांचे बरेच मालक आहेत आणि सगळेच्या सगळे परोपकारी आहेत.

मीही आता त्यांच्या पंगतीला बसलो आहे.

‘विमानतळ’ या शब्दाने कुणी दिपून जाऊ नये. ओहायो राज्यात, डेटनपासून तासाभरावर, मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध एक डांबरी पट्टी आहे. बाजूला पत्र्याच्या हँगरच्या दोन रांगा, निळसर रंगाच्या पेट्रोलचा एक पंप आणि एक खोली. खोलीत कॉफीचं यंत्र आहे आणि त्या कॉफीसाठी डबीत पैसे टाकायचे असतात. टॉवर नाही, सुरक्षा तपासणी नाही, बोर्डिंग पास नाही. विमानमालकांत एक निवृत्त बसचालक आहे, दोन शेतकरी आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे आणि एक मी. ‘विमान आहे’ म्हटल्यावर पुण्यातले नातेवाईक मला थेट उद्योगपतींमध्ये नेऊन बसवतात. त्यांना हे समजावणं कठीण जातं की आमच्याकडची बहुतेक विमानं मालकांच्या लग्नाहून जुनी आहेत.

ती जुनी का आहेत, यालाही कारण आहे. सेसना कंपनीने 1986 मध्ये आपलं सगळ्यात खपणारं 172 हे विमान बनवणंच थांबवलं. लोक अपघातानंतर तीस-तीस वर्षांपूर्वी बनलेल्या विमानाबद्दलही कारखान्यावर दावे लावत होते आणि भरपाई-विम्याचा खर्च विमानाच्या किमतीवर चढत होता. मग 1994 मध्ये कायदा झाला की छोटं विमान अठरा वर्षांचं झालं की त्याच्या दोषासाठी, काही अपवाद सोडून, कारखान्याला कोर्टात खेचता येणार नाही. तेव्हा कुठे 1996 मध्ये 172 पुन्हा बनू लागलं. पण आज नवं कोरं 172 घ्यायचं तर चार लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. त्यामुळे सामान्य माणूस जुन्यावरच जीव लावतो. त्या कायद्याच्या हिशोबाने कारखान्याची जबाबदारी अठरा वर्षांनी संपली, आमची तिथून सुरू झाली.

माझी सेसना 172 ही 1974 ची. पंख वर, चाकं तीन, सीटा चार. चार सीटा आहेत म्हणून चार माणसं बसतात असं मात्र नाही. टाकी पूर्ण भरली असेल तर चौथ्या माणसाने एक तर बारीक असावं किंवा घरी असावं. इंजिन दीडशे हॉर्सपॉवरचं. वेग ताशी साधारण 120 मैल. या जातीची 44 हजारांहून अधिक विमानं आजवर बनली आहेत. इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान जगात बनलेलं नाही. आणि तरी त्याच्याबद्दल कुणी कविता करत नाही. ते देखणं नाही, वेगवान नाही, कसरती करत नाही. ते फक्त कधी त्रास देत नाही. शिकाऊ मुलांनी कसंही आपटलं तरी ते ‘असू दे’ म्हणतं आणि पुन्हा उडतं.

तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला आवरत नाही, हे आधीच सांगतो. 1958 च्या डिसेंबरात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी लास व्हेगासहून एक 172 उडवलं आणि ते 64 दिवस 22 तास खाली उतरवलंच नाही. एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी हा उद्योग होता, हॉटेलचं नाव विमानाच्या कुशीवर रंगवलेलं होतं. दिवसातून दोनदा विमान वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर अगदी खाली यायचं, खालून एक ट्रक त्याच वेगाने पळायचा, आणि हे लोक पेट्रोलची नळी दोराने वर ओढून घ्यायचे. जेवणही तसंच. मध्येच कुठे चोरून उतरले तर कळावं म्हणून उड्डाणाच्या वेळी मोटारीतून पाठलाग करून चाकांना पांढरा पट्टा मारला होता. फेब्रुवारी 1959 मध्ये उतरले तेव्हा पट्टा शाबूत होता. पुन्हा असं कराल का, असं नंतर कुकला विचारलं. त्यावर तो म्हणाला की त्यापेक्षा मी कचऱ्याच्या पिंपात स्वतःला कोंडून घेईन आणि आत व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवीन. एकाच विमानाशी निष्ठा कुठवर ताणावी, याबद्दल याहून अधिकारी मत माझ्या तरी माहितीत नाही.

ते विमान आजही लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेलं आहे. 1987 च्या मे महिन्यात माथियास रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा जर्मन पोरगा सोव्हिएत हवाई दलाच्या नाकावर टिच्चून मॉस्कोत, लाल चौकाशेजारी उतरला, तोही 172 मधूनच. शीतयुद्धात जे कुणाला जमलं नाही ते आमच्या वर्गातल्या सगळ्यात गरीब विद्यार्थ्याने करून दाखवलं.

इतकं सगळं असताना दुसरं विमान कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्याकडे युक्तिवादांचा साठा तयार होता आणि तो मी क्रमाने वापरला.

पहिला युक्तिवाद ‘ॲन्युअल’चा. अमेरिकेत प्रत्येक विमानाची दर बारा महिन्यांनी सक्तीची तपासणी असते. मेकॅनिक सगळे पत्रे काढतो, सीटा काढतो, सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजतो, आणि विमान आतून असं उघडं पाडतो की मालकाला बघवत नाही. त्यात काही सापडलं (सापडतंच) तर सुटा भाग येईपर्यंत विमान जमिनीवर. दोन विमानं असली की एक मेकॅनिककडे असताना दुसरं आकाशात. हा हिशोब कागदावर निर्दोष आहे. आमच्या निवृत्त बसचालकाकडे तीन विमानं आहेत. त्याला मी हा हिशोब सांगितला तेव्हा तो बराच वेळ हसला. त्याची तिन्ही त्या वेळी मेकॅनिककडे होती.

दुसरा युक्तिवाद मला एका शनिवारी उड्डाणापूर्वीची तपासणी करताना सुचला आणि मी स्वतःवरच खूश झालो. विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दोन असतात. प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन. म्हणजे चार सिलिंडरांना आठ. उड्डाणाआधी आपण एक मॅग्नेटो बंद करून बघतो, मग दुसरा, आणि दोन्ही वेळा इंजिन किंचित खाकरून पुढे चालू राहतं. पेट्रोलच्या टाक्या दोन, डावी आणि उजवी. सुकाणू दोन, पेडलच्या जोड्या दोन. ज्या यंत्रात सुरक्षेसाठी प्रत्येक महत्त्वाची वस्तू दोन-दोन ठेवलेली आहे, त्यात एकच गोष्ट एकटी राहिली आहे, ती म्हणजे विमान. ही अभियांत्रिकीतली उघड त्रुटी आहे.

हे मी बायकोला सांगितलं. ती विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे, म्हणजे माणूस सरासरी कधी मरेल याचा हिशोब करून ती पगार मिळवते. तिने विचारलं, “या न्यायाने इंजिन दोन का नाहीत तुझ्या विमानाला?” मी म्हणालो, दोन इंजिनांची विमानं असतात, पण ती परवडत नाहीत. ती म्हणाली, “म्हणजे परवडणं हा मुद्दा आहे तर.” तो मुद्दा मी तिथेच सोडून दिला.

तिसरा युक्तिवाद इतिहासाचा होता, आणि डेटनजवळ राहणाऱ्याला तो आयता मिळतो. राइट बंधू आमच्या शेजारगावचे. त्यांचं पहिलं विमान 17 डिसेंबर 1903 ला किटी हॉकच्या वाळूवर चार वेळा उडालं. शेवटची भरारी 59 सेकंदांची, 852 फुटांची. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने ते उलटंपालटं झालं आणि पुन्हा कधीच उडालं नाही. दोघांनी ते खोक्यांत भरून डेटनला आणलं, ठेवून दिलं, आणि 1904 मध्ये दुसरं, 1905 मध्ये तिसरं बनवलं. तिसऱ्याने गावाबाहेरच्या कुरणावर एका दमात चोवीस मैल घिरट्या घातल्या. पहिलं तोवर खोक्यात. 1913 च्या पुरात ते चिखलपाण्यात बुडालं, तरी खोक्यातच. पुढे स्मिथसोनियन संस्थेने पहिल्या विमानाचा मान दुसऱ्याच कुणाच्या यंत्राला दिला, तेव्हा ऑर्व्हिल राइट इतका संतापला की त्याने आपलं पहिलं विमान 1928 मध्ये सरळ लंडनच्या संग्रहालयाला पाठवून दिलं. ते परत मायदेशी यायला 1948 उजाडलं आणि ते बघायला ऑर्व्हिल राहिला नव्हता. म्हणजे बघा, भांडला तो पहिल्यासाठी. उडाला मात्र पुढच्यांवरून. निष्ठा आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे आमच्या शेजारगावाने जगाला दाखवून दिलेलं आहे.

एवढी पूर्वतयारी करून मी ज्याच्या मागे होतो ते विमान होतं पिवळं.

पायपर जे-3 कब. 1946 सालचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, पुढे 65 हॉर्सपॉवरचं इंजिन, शेपटीखाली एक चिमुकलं चाक, आणि सीटा दोन, एकीमागे एक. एकट्याने उडवायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं, नाहीतर तोल जातो. म्हणजे पुढची सीट रिकामी आणि चालक मागे. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. पेट्रोल किती उरलंय हे दाखवायला समोरच्या काचेपुढच्या झाकणातून एक तार वर आलेली असते. तारेच्या खालच्या टोकाला बूच, ते टाकीत तरंगतं. पेट्रोल संपत आलं की तार खाली खाली जाते. तार दिसेनाशी होण्याआधी मक्याचं शेत शोधायचं, इतकंच ते उपकरण सांगतं. बारा गॅलनची टाकी आहे, त्यामुळे फार वेळ वाचायचं नसतंच.

पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी विल्यम पायपरच्या कारखान्याने 1938 ते 1947 या काळात ही सुमारे वीस हजार विमानं बनवली. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेतली पोरं याच्यावरच उडायला शिकली. युद्धात हेच विमान हिरवा रंग लावून टेहळणीला गेलं, आणि 1944 मध्ये चार्ल्स कार्पेंटर नावाच्या मेजरने, जो मूळचा शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर होता, त्याच्या पंखांच्या आधाराला बझुका बांधल्या आणि जर्मन रणगाड्यांवर सोडल्या. मास्तर लोकांना चिडवू नये ते यासाठी.

या कबचा उपयोग काय? इथे माझा साठा संपतो. वेग ताशी 75 मैल. समोरून वारा असला की खालच्या इंटरस्टेट 70 वरचे ट्रक आपल्याला मागे टाकतात आणि त्यात त्यांचा काही अपमानाचा हेतू नसतो. सामान नेता येत नाही. रात्री उडता येत नाही. ढगात जाता येत नाही. थंडीत गोठतो, उन्हाळ्यात मात्र उजवीकडचं दार उडतानाच उघडं टाकतो: अर्धी फळी वर पंखाला अडकवायची, अर्धी खाली सोडायची. मग हातभर अंतरावर हवा, खाली मका, कापलेल्या गवताचा वास पाचशे फुटांवर येतो, आणि तळ्याकाठी मासे धरत बसलेला म्हातारा वर बघून हात करतो. आपणही हात करतो. 172 मध्ये खिडकीला हात लावून बसलेला माणूस आणि कबमध्ये दारातून पाय बाहेर लोंबकळवण्याच्या बेतात असलेला माणूस, दोघांच्या लॉगबुकात नोंद मात्र एकच होते: उड्डाण, एक तास.

आमच्या मराठी मंडळातल्या गणपतीत ही बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, “मायलेज किती देतं?” हा प्रश्न मला लागला, पण उत्तर काढल्यावर जास्त लागला. सेसना तासाला आठ गॅलन पिते आणि 120 मैल जाते, म्हणजे लिटरला साधारण 6.4 किलोमीटर. कब तासाला साडेचार गॅलन पितो आणि 75 मैल जातो, म्हणजे लिटरला साधारण 7.1. अर्ध्या माणसांना अर्ध्याहून जरा जास्त वेगाने नेऊन मी लिटरमागे जवळजवळ पाऊण किलोमीटर वाचवला होता. विचारणारे काका म्हणाले, “म्हणजे बचत आहे.” कुलकर्णी, देशपांडे, जोशी, सगळ्यांनी मान डोलावली. मराठी माणसाला बचत दाखवली की बाकीचं तो माफ करतो.

आईवडिलांना सांगणं हा वेगळा प्रसंग. ते खटाव तालुक्यात असतात. आईने फोनवर पहिला प्रश्न केला, “जुनं एक्सचेंजला घेत नाहीत का रे? आमचा फ्रीज घेतला की दुकानदाराने.” मी म्हणालो, जुनं द्यायचं नाहीये, ते चांगलं आहे. “मग नवं कशाला?” मी म्हणालो, नवंही नवं नाही, जुन्याहून जुनं आहे. यावर पलीकडे फोन बाबांच्या हातात गेल्याचा आवाज आला.

बाबांना मात्र लगेच पटलं. “बरोबर हाय की. एका बैलावर कवा औत चालतंय व्हय? जोडी लागती.” मला भरून आलं. ॲन्युअल, मॅग्नेटो, राइट बंधू, सगळ्यांना मागे टाकणारा युक्तिवाद खटाव तालुक्यातून आला होता. त्या जोरावर मी त्यांना टाटांची गोष्टही सांगितली. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान आणलं, त्या सेवेची सुरुवातच दोन पस मॉथ विमानांवर झाली होती. जुहूहून पुढे मद्रासपर्यंत टपाल नेलं दुसऱ्या वैमानिकाने, नेव्हिल विन्सेंटने. आणि वाटेत अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल डब्यांतून बैलगाडीने आलं होतं. “बघ,” बाबा म्हणाले, “तितंबी बैलच.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “पर जोडी सारकी लागती. ह्यो किती पळतोय?”

“एकशेवीस.”

“आन् त्यो?”

“पंचाहत्तर.”

“मग जुपणार कसं?”

खरेदी तरीही झाली. कबचं लॉगबुक मी आधी वाचून काढलं. त्यात पहिल्या पानावर शाईच्या दौतीत टाक बुडवून लिहिलेल्या नोंदी आहेत. पन्नासच्या दशकात कधीतरी ‘कुंपणाला लागून डावा पंख दुरुस्त’ अशी एक ओळ आहे, आणि तिच्या खालच्या ओळीत तोच मालक दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला आहे. कागदपत्रं ओक्लाहोमा सिटीला गेली. देशातल्या सगळ्या विमानांची मालकीची नोंद तिथेच असते. किंमत इथे लिहीत नाही. आईने विचारली तेव्हा मी डॉलरमध्ये सांगितली आणि तिने गुणाकार करायच्या आत कोथिंबिरीचा भाव विचारला.

पूजा झाली. पिवळ्या रंगावर कुंकू कसं दिसेल याची चिंता मला होती. मेकॅनिकला चिंता होती की ते कशाने निघेल. नारळ विमानाजवळ फोडायचा नाही, कारण करवंटीचा तुकडा पंख्याने उचलला तर कापड फाटतं. म्हणून तो हँगरच्या मागे, काँक्रीटवर, वाऱ्याची दिशा बघून फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. पुढच्या दोन चाकांनी आपापली व्यवस्थित चिरडली. शेपटीच्या चाकाने आपलं बाजूला सारलं आणि ते घरंगळत जाऊन सेसनाच्या चाकाशी थांबलं. जमलेल्या मंडळींनी याचा जो अर्थ काढला तो मी इथे देत नाही.

मग कब उडवायला शिकणं आलं. शेपटीला चाक असलेल्या विमानासाठी इथे गुरूची वेगळी सही लागते, आणि ती मिळेपर्यंत एकट्याने उडता येत नाही. कारण सेसनासारख्या विमानात पुढे चाक असल्यामुळे जमिनीला टेकलं की ते आपोआप सरळ धावतं. कबचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, त्यामुळे जरा लक्ष चुकलं की शेपटीच पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेऊन शेतात बसतं. वर नाक इतकं उंच असतं की जमिनीवर चालवताना समोरचं काही दिसत नाही, नागमोडी जात डावीकडून-उजवीकडून डोकावत पुढे सरकायचं. आमचे गुरुजी ऐंशीच्या घरातले. ते पुढच्या सीटवर बसत, म्हणजे मला फक्त त्यांची टोपी दिसे. टोपी डावीकडे कलली की मी डावं पेडल दाबायला उशीर केलेला असे. त्यांनी मला एकच सांगितलं: सेसनाने तुझे पाय झोपवलेत. इतकी वर्षं जिने मला कधी त्रास दिला नाही, तिच्याविरुद्धची ही तक्रार मला ऐकून घ्यावी लागली, आणि ती खरी होती.

पण खरी पंचाईत हँगरची. आमच्याकडे हँगर मिळणं हे विमान मिळण्याहून अवघड आहे. प्रतीक्षायादीवरचे लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या तब्येतीची आस्थेने चौकशी करत असतात. माझ्याकडे हँगर एक. दोन्ही विमानांचे पंख पस्तीस-छत्तीस फुटांचे. दोन्ही एकात मावत नाहीत, मी मोजपट्टी घेऊन तिरकं, उलटं, शेपटी आत करून, सगळं मांडून पाहिलं. एकाला बाहेर उघड्यावर, दोरांनी बांधून ठेवणं भाग होतं. आणि कुणाला, हे ठरवायला निष्ठेची गरजच पडली नाही. कब कापडाचा. उन्हाने कापड कुजतं, गारांनी फाटतं. सेसना ॲल्युमिनियमची, तिला काही होत नाही.

म्हणून जिच्या विश्रांतीसाठी, जिच्या म्हातारपणासाठी, जिच्या इंजिनाचे तास वाचवण्यासाठी हे सगळं केलं, तिला मी ओहायोच्या पावसात नेऊन बांधलं आणि काल आलेल्याला आत घेतलं. पंखांना एकेक दोर, शेपटीला एक. एप्रिलमध्ये स्टार्लिंग पक्षी इंजिनाच्या झाकणाखाली काडीकाडी आणून घरटं करतात, जेवायला जाऊन यावं तेवढ्या वेळात बरंच बांधकाम होतं. गांधीलमाश्या वेग मोजायच्या नळीत चिखल भरतात. मी तिला वेगवेगळी आच्छादनं विकत घेतली, सगळी लाल, वर ‘उड्डाणापूर्वी काढा’ असं लिहिलेली. पाहणाऱ्याला वाटावं की हिचा मालक फार काळजी घेतो.

आणि इंजिनाचे तास वाचवायचे म्हटले तर तेही उलटच निघालं. हे इंजिन उडत राहिलं तर टिकतं. बसून राहिलं की आत ओल धरते, कॅमशाफ्टला गंज चढतो. मेकॅनिकने हे मला सांगितलं तेव्हा मी दर आठवड्याला कब उडवत होतो आणि सेसनाला फक्त भेटायला जात होतो.

बायकोला कबमध्ये बसवलं तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले. सीटा एकीमागे एक, तर बोलायचं कसं? मी म्हणालो, इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही. “मग चांगलं आहे,” ती म्हणाली आणि पुढे बसली. उतरल्यावर दुसरा प्रश्न: “आता त्या बिचारीला कोण उडवतं?”

मी गप्प राहिलो. तिने त्याच आठवड्यात गुरुजींना फोन केला. नव्या विमानाच्या नाही, सेसनाच्या शिकवणीसाठी. ॲक्च्युअरी असल्यामुळे तिने आधी आकडे पाहिले होते आणि तिच्या मते घरात असलेल्या दोन विमानांपैकी एकच विमान शिकण्यालायक होतं. पुढच्या काही महिन्यांत ती सेसनाशी माझ्याहून बरी वागू लागली. तेलाची पातळी वहीत लिही, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घाल, घरटी काढताना पक्ष्यांची माफी माग. आणि ज्या दिवशी गुरुजी विमानातून उतरून कडेला उभे राहिले आणि तिने एकटीने तीन वेळा उतरवून दाखवलं, त्या दिवशी संध्याकाळी ती हँगरच्या दारात येऊन म्हणाली, “माझं विमान आत.”

मी कापडाचा मुद्दा मांडला. उन्हाचा मांडला. गारांचा मांडला. ती म्हणाली, शेजारच्या शेतकऱ्याचं गवताचं मैदान आहे, धान्याचं मोठं कोठार आहे, आणि तुझा कब गवतावरच चांगला उतरतो असं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. भाडंही तिने ठरवून ठेवलं होतं. तिथे कब आता ट्रॅक्टरशेजारी राहतो. बाबांना मी याचा फोटो पाठवला, त्यांनी कबकडे बघितलंही नाही, ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा आहे ते विचारलं.

तेव्हा सध्याची स्थिती अशी आहे की आमच्या घरात दोन विमानं आहेत हे खरं, पण माणशी एकच. सेसना तिची, कब माझा. दुसरं विमान म्हणून ज्याला म्हणावं असं आता काही उरलेलंच नाही. आणि एकच विमान असलं की काय होतं, हे मी वर सांगितलंच आहे. कबची ॲन्युअल पुढच्या महिन्यात आहे, मेकॅनिक म्हणतो दोन सिलिंडर काढावे लागतील, आणि तितके दिवस सेसना मागावी तर ती म्हणते, “माझ्या इंजिनाचे तास जातात.” निवृत्त बसचालकाने आपल्या तीन विमानांपैकी एक विकायला काढलंय. इंजिन चांगलं आहे म्हणतो. कबला जरा विसावा मिळेल.